आक्रमणाला जोर हवा

वाचकाचे पत्र

“मी २६ वर्षांचा असून कोल्हापूरला एका खासगी कंपनीत नोकरी करतो. शाळेत असताना बुद्धिबळ खेळत होतो, मधली काही वर्षे खेळ सुटला आणि गेल्या तीन वर्षांपासून पुन्हा नेटाने खेळू लागलो आहे. माझे फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) मानांकन १५४० आहे. मला आक्रमक खेळ आवडतो. पांढऱ्या मोहऱ्यांनी मी किंग्ज गँबिट (गँबिट म्हणजे पुढाकारासाठी सुरुवातीलाच प्यादे देऊ करणे) खेळतो; काळ्या मोहऱ्यांनी ई४ ला लॅटव्हियन गँबिट आणि डी४ ला एंग्लुंड गँबिट खेळतो. मोबाइलवरच्या पाच मिनिटांच्या डावांत मी पुष्कळ जिंकतो, पण स्पर्धेतल्या मोठ्या वेळेच्या डावांत वीस-बावीस खेळ्यांतच माझा डाव कोसळतो. आमचे प्रशिक्षक लंडन सिस्टिम आणि कारो-कान या शांत सुरुवाती खेळायला सांगतात. ते मी दोन महिने करून पाहिले, पण पटावर बसावेसेच वाटेना. माझ्या शैलीला शोभतील अशा सुरुवाती कोणत्या? की ही शैलीच सोडून द्यावी? सोबत माझे तीन डाव पाठवत आहे. दोन हरलेले आणि एक जिंकलेला.”

उत्तर

तुमचे पत्र वाचून मी तिन्ही डाव पटावर मांडून पाहिले, आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: शैली सोडू नका. ज्या खेळात मन रमते त्याचाच अभ्यास माणूस रात्री अकरा वाजता कामावरून दमून आल्यावरही करतो, आणि नोकरी सांभाळून खेळणाऱ्याला याहून मोठे भांडवल नसते. मात्र तुम्ही पाठवलेल्या डावांत मला जे दिसले ते सुरुवातींची नावे सुचवण्याआधी सांगणे आवश्यक आहे, कारण ते लक्षात आल्याशिवाय कोणतीही नवी सुरुवात तुमच्या हातात जुन्यासारखीच वागेल.

पहिला डाव किंग्ज गँबिटचा. (घराच्या नावातले अक्षर पटाची उभी पट्टी सांगते आणि आकडा आडवी ओळ.) ई४, ई५, एफ४, आणि काळ्याने एफ४ वरचे प्यादे घेतले. तिसऱ्या खेळीला तुमचा घोडा एफ३ वर आल्यावर त्याने डी५ खेळून केंद्र उघडले. तुम्ही डी५ चे प्यादे मारले, त्याने घोडा एफ६ वर आणला, तुम्ही उंट सी४ वर आणला, त्याच्या घोड्याने डी५ वरचे प्यादे परत घेतले आणि तुम्ही किल्लेकोट केला, म्हणजे राजा हत्तीच्या आडोशाला नेला. येथवर दोघांचेही ठीक आहे. डाव उघडा आहे, समतोल आहे. पण तेराव्या खेळीला तुम्ही एफ७ वर घोड्याचे बलिदान दिलेत. त्या क्षणी पट थांबवून पाहा: तुमचा ए१ चा हत्ती आणि बी१ चा घोडा अजून आपापल्या घरातून हललेले नाहीत, आणि काळ्याच्या राजाभोवती त्याचा हत्ती, वजीर आणि दोन हलकी मोहरी (घोडे-उंट) उभी आहेत. तुम्ही दोन शह दिलेत, आणि तिसरा शह द्यायला पटावर कोणी उरले नाही.

दुसरा डाव एंग्लुंडचा. डी४ ला ई५, त्याने प्यादे घेतले, तुम्ही घोडा सी६ वर, त्याने घोडा एफ३ वर, मग तुमचा वजीर ई७ वर, नंतर बी४ वर शह देत, आणि पाचव्या खेळीला बी२ चे प्यादे टिपत. सापळा असा की, सहाव्या खेळीला पांढऱ्याने उंट सी३ वर आणून वजिरावर धरला तर तुमचा उंट बी४ वर येतो आणि पांढऱ्याचे हाल होतात. पाच मिनिटांच्या डावात पुष्कळ जण तेच करतात. पण तुमच्या समोरच्या माणसाकडे ९० मिनिटे होती आणि प्रत्येक खेळीला ३० सेकंदांची भर होती; त्याने शांतपणे घोडा सी३ वर आणला. मग हत्ती बी१ वर, हत्ती बी३ वर, आणि तुमचा वजीर ए३, ए५ असा फिरत राहिला. पहिल्या आठ खेळ्यांपैकी पाच खेळ्या तुमच्या वजिराने खाल्ल्या. याला आक्रमण म्हणता येणार नाही. समोरचा चुकेल या आशेवर लावलेली ती पैज होती.

आता तिसरा डाव, जो तुम्ही पत्रात ‘साधाच होता’ असे म्हणून एका ओळीत उरकला आहे. समोरच्याने फ्रेंच बचाव घेतला, ई४ ला ई६, आणि तुम्ही तिसऱ्या खेळीला प्यादे ई५ वर सरकवलेत. त्या एका प्याद्यामुळे काळ्याच्या घोड्याला एफ६ हे त्याचे हक्काचे घर मिळाले नाही, आणि राजाच्या बाजूला किल्लेकोट झालेल्या राजासाठी एफ६ च्या घोड्याइतका चांगला पहारेकरी दुसरा नसतो. तुमचा उंट डी३ वर, घोडा एफ३ वर, आणि तो घोडा हलला की वजीर डी१ वरून एच५ कडे जाण्यास मोकळा. काळ्याचा जी५ वर नजर ठेवणारा उंट मारामारीत आधीच गेलेला. पंधराव्या खेळीला तुम्ही एच७ वर उंट दिलात, राजाने तो घेतला, घोडा जी५ वर शह देत आला. राजा जी८ वर परतला असता तर वजीर एच५ वर येऊन एच७ वर मात दिसू लागते आणि एफ७ वरही घोड्याच्या जोरावर वजिराची नजर राहते. राजा जी६ वर पुढे आला तर वजीर जी४ वर येतो आणि जी५ चा घोडा हलला की राजाला उघडा शह बसतो. तुमच्या प्रतिस्पर्ध्याने पहिला मार्ग घेतला आणि आठ खेळ्यांत डाव सोडला. हे बलिदान सतराव्या शतकातल्या इटालियन ग्रेकोपासून चालत आले आहे, आणि तुम्ही ते अचूक दिलेत. तिन्ही डावांपैकी खरे आक्रमण याच एका डावात होते, आणि ते तुमच्याच हातून झाले आहे.

बुद्धिबळाच्या पटाशी बसणारा प्रत्येक मराठी माणूस ‘या प्याद्याला जोर आहे’ (म्हणजे मागून दुसऱ्या मोहऱ्याचा आधार आहे), ‘तो घोडा बिनजोर आहे’ असे सहज बोलतो. हाच हिशेब आक्रमणालाही लावायचा असतो. तिसऱ्या डावात तुमच्या आक्रमणाला ई५ च्या प्याद्याचा जोर होता, बंद झालेल्या केंद्राचा जोर होता. पहिल्या डावातले आक्रमण बिनजोर होते. म्हणून सुरुवात निवडताना तिच्या नावात गँबिट आहे का, हे पाहू नका. त्या सुरुवातीतून प्याद्यांचा जो सांगाडा उभा राहतो, तो तुमच्या आक्रमणाला काही जोर पुरवतो का, एवढे पाहा. हा जोर कधी बंद केंद्रातून मिळतो, कारण मध्यातून प्रतिहल्ला होण्याची भीती नसते. कधी मोहरी आधी बाहेर आल्यामुळे मिळतो. आणि कधी दोन्ही राजांनी विरुद्ध बाजूंना किल्लेकोट केल्यामुळे मिळतो, कारण मग आपल्या राजासमोरची प्यादी न हलवता दुसऱ्या बाजूची प्यादी मोकळेपणाने पुढे ढकलता येतात.

पॉल मॉर्फीने १८५८ मध्ये पॅरिसच्या ऑपेरागृहात ड्यूक ऑफ ब्रन्सविक आणि काउंट इझुआर या जोडीविरुद्ध खेळलेला १७ खेळ्यांचा डाव तुम्ही नक्कीच पाहिला असेल. पुढच्या वेळी तो पाहताना शेवटच्या वजिराच्या बलिदानाकडे नको, त्याआधीच्या खेळ्यांकडे लक्ष द्या. एक हत्ती डी७ वर कामी आला आणि लगेच दुसरा एच१ वरून डी१ वर आला; मॉर्फीचे एकही मोहरे घरात झोपलेले नव्हते. उलट काळ्याचा एफ८ चा उंट आणि एच८ चा हत्ती डाव संपेपर्यंत एकदाही हलले नाहीत. तुमच्या पहिल्या डावातला ए१ चा हत्ती याच्या शेजारी ठेवून पाहिलात, तर मी काय म्हणतो ते मला अधिक लिहावे लागणार नाही.

आता पांढऱ्या मोहऱ्यांविषयी. ई४ सोडू नका. ई५ या उत्तराला किंग्ज गँबिटऐवजी वर्षभर इटालियन पद्धतीने खेळा: घोडा एफ३, उंट सी४, आणि काळ्याने उंट सी५ वर आणला की बी४, म्हणजेच एव्हान्स गँबिट. वेल्सच्या विल्यम डेव्हिस एव्हान्स या जहाजावरच्या कप्तानाने १८२० च्या दशकात ही कल्पना खेळात आणली. किंग्ज गँबिट आणि एव्हान्स या दोन्हींत तुम्ही एक प्यादेच देता, पण देण्यात फरक आहे. एफ४ खेळताना तुम्ही स्वतःच्या राजासमोरचे कवाड उघडता. बी४ खेळताना तुमच्या राजाला काही तोशीस लागत नाही. काळ्याचा उंट ते प्यादे घेतो, सी३ मुळे त्याला पुन्हा हलावे लागते, आणि तुम्हाला डी४ खेळून पुरे केंद्र मिळते. शिवाय ए३ चे घर मोकळे झाल्यामुळे तुमचा काळ्या घरांचा उंट तेथून एफ८ पर्यंतच्या तिरक्या पट्टीवर नजर ठेवू शकतो, आणि तसे झाले की काळ्याला किल्लेकोट करणेच अवघड होते. १९९५ मध्ये रिगा येथे कास्पारोव्हने आपल्या विश्वनाथन आनंदविरुद्ध हीच सुरुवात खेळली. आनंदने प्यादे घेऊन उंट ई७ वर नेला, आणि तरीही २५ खेळ्यांत डाव संपला. त्याच वर्षी हे दोघे न्यूयॉर्कला जगज्जेतेपदासाठी लढले, यावरून त्या डावातला बचाव करणारा किती तयारीचा होता हे लक्षात यावे.

एव्हान्समध्ये एक गोष्ट मात्र आधीच शिकून घ्या. काळ्याने उंट ए५ वर नेला, तुम्ही डी४ खेळलात, त्याने डी६ खेळले आणि तुम्ही सवयीने किल्लेकोट केलात, तर तो उंट बी६ वर नेऊन प्यादे परत देऊ करतो. ते घ्यायला गेलात की ई५ वर मारामारी होऊन वजिरावजिरी होते. तुमचे प्यादे परत येते आणि आक्रमण जाते. ही जुन्या काळचा जगज्जेता लास्कर याची युक्ती आहे. म्हणून तेथे किल्लेकोटाची घाई न करता वजीर बी३ वर आणावा. सी४ चा उंट आणि बी३ चा वजीर यांची एफ७ वर जोडनजर बसते आणि डावातला ताण टिकून राहतो.

तिसऱ्या खेळीला काळ्याने उंटाऐवजी घोडा एफ६ वर आणला, तर बहुतेकांचा हात घोडा जी५ वर न्यायला शिवशिवतो, आणि तुमचाही शिवशिवेल. तो मार्ग वाईट नाही. पण नीट पाहा: डी५ ने काळा ते आक्रमण थोपवतो, तुम्ही प्यादे मारता, आणि त्याने ते घोड्याने परत न घेता सी६ चा घोडा ए५ वर नेऊन तुमच्या उंटावर धरला, तर तुमच्याकडे एक प्यादे जास्त येते आणि पुढाकार त्याच्याकडे जातो. म्हणजे पुढच्या पंधरा खेळ्या बचाव तुम्हाला करायचा असतो. ज्याला आक्रमण आवडते त्याने केवळ एका प्याद्यासाठी ही अदलाबदल का करावी, हे मला आजवर कळलेले नाही. त्याऐवजी चौथ्या खेळीला डी४ खेळा. काळ्याने प्यादे घेतले की ई५. तो डी५ खेळेल, तुम्ही उंट बी५ वर न्या, त्याचा घोडा ई४ वर जाईल आणि तुम्ही डी४ चे प्यादे घोड्याने परत घ्याल. येथे पुन्हा ई५ वर तुमचे प्यादे आहे, आणि एफ३, एफ४ असे पुढे सरकून तुम्ही त्या ई४ च्या घोड्याला हुसकावू शकता. तुमच्या तिसऱ्या डावातला सांगाडा आणि हा सांगाडा यांचे नाते तुम्हाला लगेच ओळखू येईल.

फ्रेंच बचावाविरुद्ध तुम्ही जे खेळता तेच खेळत राहा, आणि कारो-कानलाही तिसऱ्या खेळीला ई५ हेच उत्तर ठेवा. दोन सुरुवातींना एकच विचार पुरत असेल, तर नोकरदार माणसाने तो आनंदाने स्वीकारावा.

सिसिलियनला (ई४ ला सी५) मात्र वेळ द्यावा लागेल, कारण ई४ खेळणाऱ्याला स्पर्धेत हा बचाव वारंवार भेटतो. माझे मत असे की दुसऱ्या खेळीला घोडा एफ३ आणि तिसऱ्याला डी४ हा उघडा मार्गच घ्यावा, आणि त्यात एकच मांडणी पक्की करावी: उंट ई३, प्यादे एफ३, वजीर डी२, वजिराच्या बाजूला किल्लेकोट, आणि मग जी आणि एच प्यादी पुढे. नायडॉर्फ, शेवेनिंगेन आणि ड्रॅगन या तिन्ही प्रकारांविरुद्ध ही मांडणी थोड्याफार फरकाने चालते. दोन्ही राजे विरुद्ध बाजूंना असल्यामुळे ही सरळ शर्यत होते, आणि शर्यतीत एक खेळी वाया घालवणे म्हणजे डाव घालवणे. हे सगळे एकदम झेपणार नाही असे वाटले तर पहिले सहा महिने स्मिथ-मोरा गँबिट खेळण्यास माझी हरकत नाही. तेथे सी आणि डी या दोन्ही पट्ट्या उघडतात आणि हत्तींना आयते काम मिळते. तुमच्या पातळीवर ते खेळण्याजोगे आहे.

काळ्या मोहऱ्यांकडे वळताना आधी लॅटव्हियन आणि एंग्लुंड ही दोन्ही स्पर्धेच्या डावांतून काढून टाका, एवढे आग्रहाने सांगतो. डी४ ला तुम्ही किंग्ज इंडियन बचाव खेळावा, असे मला तुमचा तिसरा डाव पाहिल्यापासून वाटत आहे. या बचावाच्या नावातले ‘इंडियन’ उगीच आलेले नाही. आपल्याकडच्या जुन्या देशी पद्धतीत प्याद्याला पहिल्या खेळीत दोन घरे चालण्याची मुभा साधारणपणे नसे, त्यामुळे डी६, जी६ अशी एकेक घराची प्यादी आणि जी७ वर उंट ही मांडणी आपल्या लोकांच्या अंगवळणी पडलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरविरुद्ध याच धाटणीने खेळत, आणि त्या डावांमुळे अशा बचावांना ‘भारतीय’ हे नाव चिकटले. जवळजवळ शंभर वर्षे युरोपातल्या पंडितांना ही मांडणी दबलेली वाटत होती.

तिचा मुख्य प्रवाह असा: काळ्याचा घोडा एफ६, प्यादे जी६, उंट जी७, प्यादे डी६, किल्लेकोट, मग ई५ आणि दुसरा घोडा सी६. पांढऱ्याने केंद्र डी५ ने बंद केले की सी६ चा घोडा ई७ वर जातो, एफ६ चा घोडा वाटेतून बाजूला होतो आणि एफ५, एफ४, जी५ अशी प्यादी पांढऱ्या राजावर चालून जातात. पांढरा त्याच वेळी सी५ खेळून वजिराच्या बाजूने शिरतो. अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता शहरातल्या १९५३ च्या स्पर्धेपासून या प्रकाराला त्या शहराचे नाव मिळाले आहे. येथे दोन खुणा लक्षात ठेवा, कारण पुस्तकात खेळ्या सापडतात पण या गोष्टी सहसा हरल्यावरच शिकायला मिळतात. पहिली, सी८ चा उंट. तो घरातच बसलेला दिसतो म्हणून त्याला उगाच बाहेर काढू नका आणि पांढऱ्या घोड्याशी त्याची मारामारीही करू नका. तो तेथूनच जी४ च्या प्याद्याला जोर देतो आणि पुढे एच३ वर बलिदान द्यायला तोच लागतो. तो गेला तर तुमच्या आक्रमणातला अर्धा जीव जातो. दुसरी खूण म्हणजे जी७ चा उंट. केंद्र बंद झाल्यावर त्याला तेथे काम उरत नाही, म्हणून एफ८ चा हत्ती एफ७ वर घ्यायचा, उंट एफ८ वर परत न्यायचा आणि हत्ती जी७ वर आणायचा. परतलेला उंट डी६ च्या प्याद्याला जोर देतो आणि हत्ती पांढऱ्या राजासमोर उभा राहतो. उंट मागे नेण्याची ही खेळी तुम्हाला सुरुवातीला खटकेल, पण आक्रमणाची तयारी पुष्कळदा मागे जाणाऱ्या खेळीनेच होते.

प्रत्येक पांढरा खेळाडू तुम्हाला ही शर्यत देईलच असे नाही. कोणी ई५ वर मारामारी करून वजिरावजिरी करेल आणि डाव शांत करेल. अशा वेळी रागावून जबरदस्तीने आक्रमण उकरून काढू नका. काळ्याची स्थिती तेथे चांगली असते आणि सी५, डी४ या घरांकडे जाणाऱ्या घोड्यांचा खेळ तुम्हाला शिकायला मिळतो.

ई४ ला काय खेळावे यावर मी बराच विचार केला. सिसिलियनमधला ड्रॅगन सुचवतो, आणि तो सुचवताना त्यातला धोकाही सांगतो. किंग्ज इंडियनप्रमाणेच येथेही उंट जी७ वर असतो, त्यामुळे त्या उंटाच्या सवयी तुम्हाला दोनदा शिकाव्या लागणार नाहीत. फरक असा की येथे लांब तिरकी पट्टी उघडी असते आणि सी पट्टीही अर्धी उघडी असते. सी३ वरच्या पांढऱ्या घोड्यावर हत्ती देऊन पांढऱ्या राजाचे छप्पर उडवणे हा या प्रकाराचा प्राण आहे. पण पांढराही एच पट्टी उघडायला निघालेला असतो, आणि त्याचा उंट एच६ वर येऊन तुमच्या जी७ च्या उंटाशी मारामारी करू शकला तर तुमचा राजा उघडा पडतो. म्हणून यातल्या मुख्य मार्गाच्या पहिल्या पंधरा खेळ्या तुम्हाला कारणांसहित माहीत असल्या पाहिजेत. तेवढी तयारी होईपर्यंत ई४ ला ई५ खेळत राहा. त्यात कमीपणा काही नाही.

तुमच्या प्रशिक्षकांविषयी चार शब्द. त्यांनी लंडन आणि कारो-कान सुचवले त्यामागे कारण आहे: तुमची मोहरी वेळेवर बाहेर यावीत आणि डाव विसाव्या खेळीपलीकडे जावा, एवढेच त्यांना हवे आहे. त्यांचे निदान बरोबर आहे. औषध तुम्हाला मानवले नाही, इतकेच. त्यांना न सांगता सुरुवाती बदलू नका, हे पत्र त्यांना दाखवा. आणि शांत समजल्या जाणाऱ्या सुरुवातींतून आक्रमण होत नाही ही समजूतही काढून टाका. आनंदने २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झी येथे आर्मेनियाच्या आरोनियनला काळ्या मोहऱ्यांनी २३ खेळ्यांत हरवले, ते सेमी-स्लाव्हमधून, एकामागून एक मोहरी माऱ्यात ठेवून. आपला नाशिकचा विदित गुजराथी याने २०२४ च्या टोरांटोच्या कँडिडेट्स (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या) स्पर्धेत अमेरिकेच्या नाकामुराला नमवले, तेही बरोबरीसाठी प्रसिद्ध असलेल्या बर्लिन बचावात, एच३ वर उंटाचे बलिदान देऊन. दोन्ही डाव पटावर मांडा आणि बलिदानाच्या क्षणाला थांबून, राजाजवळ हल्ला करणारी मोहरी किती आणि बचाव करणारी किती, हे मोजा.

अभ्यास कसा करावा, तर पहिले तीन महिने फक्त दोनच गोष्टी घ्या, पांढऱ्याची इटालियन आणि काळ्याची किंग्ज इंडियन. प्रत्येकीचे नामवंत खेळाडूंचे वीस-पंचवीस पूर्ण डाव, खेळ्या पाठ न करता, पटावर हाताने खेळून पाहा. बाराव्या खेळीला थांबायचे आणि वहीत दोन वाक्ये लिहायची: आक्रमण कोणाचे आहे, आणि त्याला जोर कशाचा आहे. मोबाइलवर पाच मिनिटांच्या डावांऐवजी १५ मिनिटे अधिक १० सेकंद असा वेळ लावा, म्हणजे समोरच्याला विचार करायला सवड मिळेल आणि तुमची योजना खरी आहे की नाही ते कळेल. हत्तींच्या अंतिम पर्वासाठी (राजांखेरीज फक्त हत्ती आणि प्यादी उरलेल्या स्थितींसाठी) आठवड्यातला एक दिवस राखून ठेवा. चांगल्या आक्रमणातून पुष्कळदा मात न होता एखादे जास्तीचे प्यादेच पदरी पडते, आणि ते प्यादे वजीर होईपर्यंत नेता आले नाही तर आधीची सगळी मेहनत बरोबरीवर संपते.

किंग्ज गँबिट कायमचा टाकून द्या, असे मी म्हणणार नाही. पुढे जगज्जेता झालेल्या स्पास्कीने १९६० मध्ये, योगायोगाने मार देल प्लातालाच, या सुरुवातीने बॉबी फिशरला हरवले; फिशरने पुढच्या वर्षी ती खोडून काढणारा लेख लिहिला, आणि नंतर स्वतःच ती खेळून डाव जिंकले. जलद स्पर्धांत ती जरूर खेळा. मात्र तिसऱ्या खेळीला डी५ आल्यावर डाव समतोल आहे हे मान्य करून खेळा, आणि ए१ चा हत्ती बाहेर आल्याखेरीज एफ७ कडे पाहू नका.

पुढच्या मोठ्या वेळेच्या स्पर्धेनंतर मला पुन्हा तीन डाव पाठवा. या वेळी तिन्ही हरलेले किंवा बरोबरीचे चालतील. प्रत्येक खेळीच्या शेजारी तिला लागलेली मिनिटे लिहा. तेराव्या खेळीचे ते घोड्याचे बलिदान तुम्ही किती मिनिटांत दिले होते, हे तुम्ही पाठवलेल्या कागदावर नव्हते, आणि मला तेच सर्वांत आधी पाहायचे होते.